विहिरीपाशी कोणी नव्हतं

धाकूदा झाडावर चढायच्या आधी तीनदा ओरडायचा. "चढतोय वो!" एकदा उगवतीकडे तोंड करून, एकदा मावळतीकडे आणि तिसऱ्यांदा नुसतंच वर बघून. मग तो पायांत काथ्याचा फास अडकवायचा, कमरेला कोयता आहे ना ते चाचपायचा आणि उगीचच जरा वेळ काढायचा. ते वेळ काढणं गावासाठी असे. आमच्या खारवेळीत घरं नारळ-पोफळीच्या वाड्यांमध्ये होती आणि पोफळीच्या शेंड्यावरून पाच-पन्नास घरांची परसं उघडी दिसायची. हाळी ऐकली की न्हाणीच्या आडोशाला बायका लुगडी सावरत, भिंतीआड बिडी ओढणाऱ्या सुना बिडी विझवत, आणि दारूबंदीचे दिवस असल्यामुळे दोन-तीन परसांत चुलीवरच्या मडक्यावर घाईघाईने पोतं पडे. सगळं झाकपाक झालं असेल असं वाटलं की मग धाकूदा चढायचा.

पोफळीवरची सुपारी आणि माडावरचे नारळ पाडून देणारा तो गावातला एकुलता एक पाडेली. एका पोफळीवर चढला की खाली उतरायचा नाही. शेंडा हलवून हलवून झोका घ्यायचा आणि शेजारची पोफळ कवेत धरायचा. अशी वाडीच्या वाडी तो जमिनीला पाय न लावता पाडत जाई. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातल्या टपालाच्या थैलीचा बंद सुटून पत्रं पाटाच्या पाण्यात पडली होती. मी तेव्हा गावात नवा पोस्टमास्तर होतो. वय सव्वीस, लग्न नाही, आणि त्या पोस्टात तारेची सोय असल्यामुळे स्वतःला जरा मोठा समजणारा.

झाडावरचा धाकूदा आणि जमिनीवरचा धाकूदा ही दोन माणसं होती. वर असला की गायचा, खेकसायचा, कावळ्यांशी भांडायचा. खाली उतरला की फेंगड्या पायांनी कडेकडेने चालायचा आणि कोणी बोललं की आधी मागे वळून बघायचा, आपल्यालाच बोलताहेत ना म्हणून. शिडीला तो भयंकर भ्यायचा. पोस्टाच्या छपराची चार कौलं सरकली होती म्हणून मी त्याला बोलावलं, शिडी लावून दिली, तर शिडीकडे बघून म्हणाला, "ही हालते." शेवटी शेजारच्या माडावर चढला आणि तिथून छपरावर उतरला.

अंतर, उंची, वेळ, सगळं तो झाडांत मोजायचा. देवळाचा कळस एक पोफळ आणि वर हातभर. श्रीवर्धन किती लांब? "दोन वाड्या पाडून व्हतील एवढा येळ." त्याच्या बायकोचं बाळंतपण अडलं होतं ते किती वेळ, असं सुईणीने विचारलं तेव्हा म्हणाला होता, "बारा माड." सुईण अजूनही सांगते.

पण गावाला तो हवा होता तो दुसऱ्याच गुणासाठी. इतकं सगळं बघणारा हा माणूस कधी काही सांगत नसे. कोणी खोदून विचारलं तर त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "वरून खाली आनायचे ते नारल. बाकीचं वरतीच र्‍हातं."

एकदा दारूबंदीचा इन्स्पेक्टर गावात आला. हुशार माणूस. त्याने धाकूदाला गाठलं आणि म्हणाला, "चढ त्या माडावर आणि कुठे कुठे धूर निघतोय ते बघून ये." धाकूदा तीनदा ओरडला, चढला आणि वर चांगला अर्धा तास बसून राहिला. खाली इन्स्पेक्टर मान मोडेपर्यंत वर बघतोय. उतरल्यावर त्याने विचारलं, "काय, धूर दिसला?"

"व्हय. लय धूर हाय."

"कुठे?"

"घराघरातनं. सैपाकाची येळ हाय ना."

इन्स्पेक्टर दुपारच्या गाडीने परत गेला.

बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांनीही एकदा त्यालाच साक्षीदार केला. बांधाचा दगडी गडगा रातोरात हातभर सरकला होता आणि सकाळी पहिल्यांदा झाडावर चढलेला हाच. दोघे त्याला हाताला धरून पोलीस पाटलांकडे घेऊन आले. धाकूदा बराच वेळ दोघांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "गडगा मी वरनं बगतो तवा बारीक दिसतो. दोरीयेवडा. दोरी हातभर हिकडं का तिकडं, मला काय कळतं?" भाऊ चिडले आणि दोघांनी मिळून त्याला शिव्या घातल्या. दोघांनी मिळून केलेलं ते पुष्कळ वर्षांतलं पहिलं काम, असं पाटील म्हणाले.

हे पोलीस पाटील म्हणजे अप्पा. खारवेळीतली सगळ्यात मोठी वाडी त्यांची. उंच, गोरे, कानात भिकबाळी, आणि सरकारी कागदावर अतोनात प्रेम. गावात गुन्हे फार होत नसत, त्यामुळे अप्पांचं लिहायचं राहून जाई. बैल हरवला तरी ते चार पानी रिपोर्ट करीत आणि बैल संध्याकाळी परत आला की त्यांना मनातून वाईट वाटे. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडेच होता. समुद्रात किंवा आकाशात काही संशयास्पद दिसलं तर ताबडतोब कळवावं, असं परिपत्रक चावडीच्या भिंतीवर लावलेलं होतं. अप्पा रोज ते वाचायचे आणि रोज समुद्राकडे बघायचे.

अप्पांच्या घरी त्यांची भाची राहायची. शांता. मुलींच्या शाळेत शिक्षिका. तिची जात वेगळी, माझी वेगळी, आणि त्या काळात एवढं वाक्य पुरेसं असे. तिची नोकरी शाळेच्या कमिटीच्या मर्जीवर आणि कमिटीचे अध्यक्ष अप्पाच. रविवारी टपाल वाटत नाहीत ही गोष्ट गावात कोणाच्या फारशी लक्षात आली नव्हती. म्हणून रविवारी सकाळी थैली खांद्याला लावून मी अप्पांच्या वाडीत विहिरीपर्यंत जात असे. विहिरीवर रहाट होता. रहाट ओढणाऱ्या बैलाचा गडी त्या वेळेला न्याहारीला घरी जायचा. गडी गेला की बैल थांबायचा, रहाटाची करकर बंद पडायची आणि करकर बंद पडली की अप्पा ओटीवरून ओरडायचे. तेव्हा आमचं बोलणं चालू राहावं म्हणून मी एका हाताने बैल हाकत असे. बैलामागे गोल गोल फिरत मी शांताला काय काय सांगितलं असेल ते आता आठवत नाही. ती काठावर बसून हसायची एवढं आठवतं.

रहाटाच्या आवाजात त्या रविवारी आम्हाला धाकूदाची हाळी ऐकू आली नाही.

साडेनऊच्या सुमाराची वेळ. बैल एकाएकी थांबला. मी त्याला डिवचलं तरी हलेना. शांता उठून उभी राहिली आणि तिने उत्तरेच्या डोंगराकडे बोट केलं. वाडीत झावळ्यांमुळे आभाळ दिसत नाही, पण विहिरीपाशी मोकळं होतं. डोंगराच्या माथ्यावर कथलाच्या ताटासारखं काहीतरी होतं. आवाज नाही, पंख नाहीत. ऊन त्याच्यावर पडून डोळ्यांत येत होतं. ते हललं नाही, थरथरलं नाही, नुसतं होतं. आणि मग आमच्या बरोब्बर डोक्यावरून आवाज आला, "अरे बगा! बगा रे!"

धाकूदा विहिरीशेजारच्या पोफळीवर होता. गावाने त्याचं असं ओरडणं कधीच ऐकलं नव्हतं. त्याने खाली पाहिलं. बैल, बैलामागे पोस्टमास्तर, आणि काठावर पाटलांची भाची. आमची तिघांची नजरानजर झाली. वाडीच्या वाटेने माणसं धावत येत असल्याचा गलका आम्हा तिघांनाही ऐकू येत होता.

पुढे त्याने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. आकाशात ते अचाट काहीतरी लटकलेलं, जन्मात पुन्हा दिसणार नाही असं, आणि या माणसाने त्याच्याकडे पाठ केली. झोका घेतला, दुसरी पोफळ धरली, मग तिसरी, चौथी, माकडालाही जमणार नाही अशा घाईने तो वाडीच्या पार दक्षिणेच्या टोकाला गेला आणि तिथून बोंब ठोकली, "हिकडं! हिकडं या रे!" सगळं गाव तिकडे वळलं. आग लागली असं समजून लोक हंडे, कळशा, एकजण तर भरलेली पिकदाणी घेऊन धावला होता. आम्ही कुंपणातून निसटलो. मी वळून पाहिलं तेव्हा डोंगरावर काही नव्हतं.

अप्पांना स्वर्ग दोन बोटं उरला. तासाभरात ते पोस्टाच्या दारात हजर. रविवार होता तरी त्यांनी मला खिडकी उघडायला लावली. "लिहा. शत्रूराष्ट्राचे चकचकीत, वर्तुळाकार, निःशब्द, अत्यंत उद्दाम असे वाहन..."

"अप्पा, तारेत उद्दाम कसं घालणार?"

"घाला हो. उद्दाम होतंच ते."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी पोचेपर्यंत गेलं होतं. पण उद्दामपणे गेलं."

मी सरळ चेहऱ्याने तार पाठवली. स्वतः पाहिलेल्या गोष्टीची, जणू काही पाहिलंच नाही अशा बोटांनी.

तीन आठवड्यांनी लष्कराची जीप आली. एक तरुण कॅप्टन, उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा, गोऱ्या कपाळावर टोपीची रेघ उमटलेला. आणि दुभाषा म्हणून साताऱ्याकडचा एक मिशाळ सुभेदार. शाळेच्या ओटीवर टेबल मांडलं गेलं. इंग्रजी लिहिणारा माणूस पाहिजे म्हणून अप्पांनी मला लेखनिक नेमला. अशा रीतीने मी त्या चौकशीत टेबलाच्या सरकारी बाजूला बसलो.

पहिल्या दिवशी सकाळी सोळाजणांनी जबान्या दिल्या. त्यांतले पंधरा त्या रविवारी हंडे घेऊन धावले होते आणि त्यांनी आभाळात काहीही पाहिलेलं नव्हतं. पण तीन आठवडे हा मोठा काळ असतो. एकाने तबकडीला खिडक्या पाहिल्या होत्या. दुसऱ्याने खिडकीतला पोर्तुगीज पाहिला होता, त्याला दाढी होती. सोळाव्या म्हातारीने सांगितलं की ती तेव्हा माहेरी होती, पण तिकडेही तसंच काहीसं झालं होतं, कोंबड्या ओरडल्या होत्या. कॅप्टन सगळं शांतपणे ऐकत होता. दाढीपाशी मात्र त्याने पेन्सिल खाली ठेवली.

मग धाकूदा आला. टेबलापासून चार हातांवर उभा राहिला.

"साहेब इचारत्यात, काय बगितलंस?" सुभेदार म्हणाला.

"ताट."

"कसलं ताट?"

"कथलाचं. डोंगरावर व्हतं. मग न्हवतं."

"किती मोठं?"

धाकूदाने हात लांब करून अंगठा उभा धरला. "अंगठ्याच्या नखायेवडं. हातातलं न्हाय, तिथलं." कॅप्टनने मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच कोणीतरी त्याला उपयोगाचं बोललं होतं.

"किती वेळ होतं?"

"येक घड कापायला लागतो तेवडा."

सुभेदाराने हे हिंदीत सांगितलं तेव्हा कॅप्टनने खिशातून घड्याळ काढलं, सगळ्यांना घेऊन अप्पांच्या वाडीत गेला आणि धाकूदाला एक घड कापायला लावला. चाळीस सेकंद. दुसरा कापायला लावला. पुन्हा चाळीस. कॅप्टन खूश झाला. "कोणत्या झाडावरून पाहिलंस?" धाकूदाने दक्षिणेच्या टोकाची पोफळ दाखवली. जिथे गावाने त्याला पाहिलं होतं ती.

"मैं ऊपर जाके देखूँगा," कॅप्टन म्हणाला.

त्याने हिमालयात डोंगर चढण्याचं शिक्षण घेतलं होतं. अप्पा, सुभेदार, मी, सगळ्यांनी समजावलं. धाकूदा एवढंच म्हणाला, "बूट काडा." कॅप्टनने बूट काढले, फास घातला आणि खरं सांगायचं तर झकास चढला. दोन तृतीयांश उंचीपर्यंत. तिथे वारा सुरू झाला. पोफळ वाऱ्यावर झुलते, आणि हिमालय झुलत नसावा. कॅप्टनने झाडाला मिठी मारली, गाल खोडाला लावला आणि डोळे मिटून घेतले. खालून सुभेदार ओरडला, "साब, नीचे आइए!" मिठी आणखी घट्ट झाली. अप्पांनी खिशातून कागद काढला. बहुधा या अपघाताच्या रिपोर्टाची सुरुवात त्यांच्या मनात तयार झाली होती.

धाकूदा शेजारच्या झाडावर गेला, झोका घेऊन कॅप्टनच्या वर येऊन बसला, आणि तिथे तो त्याच्याशी बोलला. एकाला हिंदी येत नव्हती, दुसऱ्याला मराठी. पण चांगली पाव घटका ते बोलत होते. मध्येच वरून कॅप्टनचं हसणं ऐकू आलं. मग धाकूदाने स्वतःची दोरी त्याच्या कमरेला बांधली आणि पाय कुठे ठेवायचा ते हाताने दाखवत त्याला वीतवीत खाली आणला. जमिनीवर पाय टेकल्यावर कॅप्टनने त्याला कडक सलाम ठोकला. धाकूदाने मागे वळून पाहिलं.

पण कॅप्टन भला असला तरी मूर्ख नव्हता. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "त्या झाडावरून डोंगर दिसत नाही. मध्ये माड आहेत. याने तिथून पाहिलंच नाही." मग त्याने वाडीभर फेरी मारली आणि विहिरीपाशी येऊन थांबला. तिथून डोंगर सबंध दिसत होता. "इथून पाहिलंस. मग तिकडे का गेलास?"

"मुंग्या व्हत्या," धाकूदा म्हणाला.

"विहिरीपाशी कोण होतं?"

"कोन न्हाय."

गडी बोलून गेला की आपण न्याहारीला गेलो तरी रहाटाचा आवाज येत होता. कॅप्टनने लगेच धरलं. "रहाट कोण चालवत होतं?"

"बैल."

"एकटा?"

"शाना बैल हाय."

सुभेदाराने गंभीरपणे भाषांतर केलं, "साब, बैल होशियार है।" कॅप्टनने बैलाला रहाटाला जुंपायला लावलं आणि सगळे बाजूला उभे राहिले. बैल उभा. आम्ही उभे. बैलाने शेण टाकलं. आणखी काही केलं नाही. मी वहीत डोकं घातलं.

आता प्रकरण वाईट वळणावर आलं. सुभेदार म्हणाला, माडावर चढणारा माणूस, माडी प्यायला असणार. प्यायल्यावर ताटंच काय, सगळा स्वैपाक आभाळात दिसतो. कॅप्टनला ते पटलं नाही, पण तो म्हणाला, एकच साक्षीदार आणि तोही खोटं बोलताना सापडलेला. दुसरा साक्षीदार मिळाला नाही तर खोटी खबर म्हणून लिहावं लागेल. आणि खबर माडीच्या नशेत दिली असं ठरलं तर दारूबंदीच्या कायद्याखाली धाकूदाला अलिबागला पाठवायचं काम पोलीस पाटलांचं. अप्पांचा चेहरा उतरला. धाकूदाबद्दल वाईट वाटलं हे खरं, पण आयुष्यातला सगळ्यात मोठा रिपोर्ट खोटा ठरणार याचंही वाटलं. ते धाकूदाला म्हणाले, "अरे, एक तर कोण होतं ते सांग, नाहीतर काही दिसलं नाही म्हणून मोकळा हो."

"दिसलं त्ये दिसलं," धाकूदा म्हणाला. "आन् कोन नव्हतं."

त्या दुपारी मी त्याच्या खोपटावर गेलो. तो काथ्या वळत बसला होता. मी म्हटलं, "धाकूदा, मी उद्या सांगून टाकतो."

त्याने मान वर केली नाही. "तुमी काय बोलायचं न्हाय, मास्तर. बाईंची नोकरी हाय. अप्पा तापट हायत."

"पण तुला धरून नेतील."

"नेतील. अलिबागला माड हायत की."

मी परत फिरलो, आणि लिहायला लाज वाटते, पण माझं अंग हलकं झालं होतं. त्यानेच नको म्हटलं होतं ना, मग मी काय करणार, असं मी वाटेत तीन-चारदा मनाशी म्हटलं. शाळेच्या विहिरीवर शांता भेटली. तिला मी सगळं सांगितलं, अंग हलकं झालं हेही सांगितलं. तिने फक्त विचारलं, "उद्या किती वाजता बसणार आहेत?"

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ओटीवर सगळं गाव होतं. कॅप्टनने धाकूदाला पुढे बोलावलं. तेवढ्यात शांता मुलींच्या वर्गातून बाहेर आली. हाताला खडूची पूड तशीच. टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "विहिरीपाशी मी होते."

अप्पा खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. कॅप्टन मात्र पूर्ण उठला. तिने सगळं सांगितलं. डोंगराच्या कुठल्या खांद्यावर, सूर्य कुठे, रंग कसा, बैल कधी थांबला. शिक्षिकाच ती, कॅप्टनच्या कागदावर तिने डोंगराची आकृतीही काढून दिली. कॅप्टनने हळूच विचारलं, "आप अकेली थीं?"

"नाही," शांता म्हणाली आणि माझ्याकडे वळली. मी तिची जबानी लिहीत होतो. "लिहा. दुसरा साक्षीदार हजर आहे. आत्ता हे लिहितोय तो."

मी ते लिहिलं. इंग्रजीत आणि नीट अक्षरात लिहिलं. मग उभा राहिलो. "बैल मी हाकत होतो," म्हणालो. प्रेमाची कबुली यापेक्षा वाईट शब्दांत कोणी दिली नसेल.

मग धाकूदा पुढे झाला. जमिनीवर इतक्या मोठ्याने बोललेला मी त्याला तेव्हाच पाहिला. लालबुंद झाला होता.

"खोटं हाय! दोगं बी खोटं बोलतायत! साहेब, विहिरीपाशी कोन नव्हतं!"

सुभेदार गोंधळला. "आरं, त्ये सोताच सांगत्यात की!"

"त्यांना काय म्हाईत? वर मी व्हतो. मी बगितलं. कोन नव्हतं म्हंजे नव्हतं!"

कॅप्टनने आधी धाकूदाकडे पाहिलं, मग शांताकडे, मग माझ्याकडे. मग टोपी तोंडावर धरून तो जो हसायला लागला तो थांबेचना. शेवटी डोळे पुसून त्याने मला कागद पुढे ओढायला सांगितलं आणि अहवालाचा शेवट सांगितला. वस्तू दिसली हे तीन साक्षीदार एकमुखाने सांगतात. तिघेही शुद्धीवर होते. मात्र त्यांपैकी दोघे तिथे हजर होते की नव्हते याबद्दल तिसऱ्याचा तीव्र मतभेद आहे. सबब निष्कर्ष काढता येत नाही.

जीप निघताना कॅप्टनने अप्पांना बाजूला घेतलं. काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. अप्पा तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत, टपालसुद्धा गड्याकरवी नेत. शांताची नोकरी मात्र राहिली, कारण अहवालात तिच्या जबानीला 'सर्वांत अचूक' म्हटलं होतं आणि लष्कराच्या कागदावर आलेल्या बाईला काढून टाकणं अप्पांच्या कागदप्रेमात बसेना. लष्कराकडून पुढे एकच पत्र आलं, प्रकरण बंद करण्यात येत आहे असं. ते ताट काय होतं ते कोणी सांगितलं नाही. हवामानाचा फुगा असेल, असं पुढे एकजण म्हणाला. असेल.

आमचं लग्न वर्षभराने अलिबागला नोंदणीने झालं. साक्षीदार म्हणून धाकूदा आला. रजिस्ट्रारने विचारलं, "या दोघांना तुम्ही ओळखता का?" मला धडकी भरली. धाकूदाने आमच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाला, "आजच बगतोय. बरी हायत." शांता इतकी हसली की रजिस्ट्रारला सहीसाठी थांबावं लागलं. शेवटी दुसऱ्या साक्षीदाराने निभावून नेलं आणि धाकूदाने शाईत अंगठा बुडवला. बोटाची शाई मग त्याने कोणाला न दिसेल अशी कचेरीच्या खांबाला पुसली.

पुढे माझी बदली अलिबागकडे झाली. खारवेळीला जाणं कमी होत गेलं. सात-आठ वर्षांनी एक दिवस धाकूदाचा जावई घरी आला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मुंबईला आपल्या घरी नेऊन शस्त्रक्रिया करायची होती. लाँच रेवसहून सुटायची. आम्ही दोघे त्यांना पोचवायला धक्क्यावर गेलो.

तो फार लहान दिसत होता. स्वच्छ धोतर, नवी टोपी, जावयाच्या दंडाला घट्ट धरलेला हात. शांताने पुढे होऊन नमस्कार केला तर आवाजावरून ओळखलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मास्तर बरं वागतात ना?" मी तिथेच उभा होतो. "मी इथेच आहे, धाकूदा," म्हटलं. "म्हाईत हाय," तो म्हणाला. "म्हनून तर इचारलं." डोळे बरे झाले की आधी आमच्याकडे यायचं, असं शांताने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तो आला नाही. मुंबईतच, शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात, तापाने गेला, हे आम्हाला पत्राने कळलं.

त्या दिवशी लाँचवर सगळे बाकांवर बसले. धाकूदा बसला नाही. छताच्या लोखंडी खांबाला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. खलाशाने दोनदा बसायला सांगितलं, जावयाने सांगितलं. तो नुसती मान हलवत होता. लाँच सुटली, वळली, आणि मग त्याने एक हात सोडवला आणि आम्हाला हात केला. पण आम्ही कुठे आहोत ते त्याला दिसत नव्हतं. तो धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाकडे, जिथे मासळीच्या रिकाम्या टोपल्या रचलेल्या होत्या, तिकडे बघून हात हलवत होता.

मी ओरडणार होतो. शांताने मला थांबवलं, चपला काढून हातात घेतल्या आणि धक्क्यावरून पळत सुटली. पदर खोचून, माणसांमधून वाट काढत, ती त्या टोपल्यांपाशी जाऊन उभी राहिली, आणि लाँच दिसेनाशी होईपर्यंत तिथून हात हलवत राहिली.